पेटीतल्याची आई

मायाक्काला मेंढरांचं बोलणं कळतं पण माणसांचं कळत नाही, अशी तिची वाडीत चेष्टा व्हायची. त्यात फारसं खोटं नव्हतं. कुणी भरभर चार वाक्यं बोललं की ती गोंधळायची, बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघत राहायची आणि मग एकदम "व्हय" म्हणून मोकळी व्हायची. तिचं लग्नही अशाच एका 'व्हय'मुळं झालं होतं. जतकडच्या एका धनगराच्या घरी ती नांदायला गेली. तिथं दोनदा बाळंत झाली आणि दोन्ही वेळा पोर रडलंच नाही. सुईणीनं फडक्यात गुंडाळून ते बाहेर नेलं. मायाक्कानं एकाचंही तोंड नीट बघितलं नाही. पुढं नवऱ्यानं दुसरी बायको आणली. "ऱ्हाशील न्हवं तिच्यासंगं गुण्यागोविंदानं?" असं सासऱ्यानं विचारलं, तेव्हाही ती "व्हय" म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठली, लुगड्याचं गाठोडं काखेत मारलं आणि चालत चालत भावाच्या वाडीवर आली. पुन्हा गेली नाही.

वाडी सांगोल्याच्या दक्षिणेला, माळावर. भाऊ धुळा तिच्यापेक्षा लहान, स्वभावानं मऊ. त्याची बायको केराबाई तोंडाची फटकळ, पण नणंदेला तिनं कधी ताटावरून उठवलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात कळप निम्मा झाला होता. तो पुन्हा जमत आला, त्या सुमाराला बऱ्याच वर्षांनी केराबाईला दिवस गेले. घर हरखून गेलं. मायाक्का तिला पाण्याची घागरसुद्धा उचलू देईना.

एका सकाळी केराबाई शेणकूट करायला बसली आणि तिथंच कळा सुरू झाल्या. अजून वेळ होता, म्हणजे असावा. नक्की कुणालाच सांगता येईना. वाडीतल्या साऱ्या बायका जिच्या हातून बाळंत झाल्या होत्या ती गोजाबाई धावत आली. सूर्य कासराभर वर येण्याआधी पोरगा झाला. एवढासा, ओंजळीत मावेल असा. अंगावर मऊ लव, कातडी लालजर्द, कान कागदासारखे. एकदा बारीक रडला. मायाक्काच्या जिवात जीव आला. रडला म्हणजे जगला, एवढंच तिला ठाऊक होतं.

पण रडणं थांबलं आणि पोर कण्हायला लागलं. प्रत्येक श्वासाला 'हं... हं...' असा आवाज. नाकपुड्या फुलायच्या, बरगड्यांच्या खाली खड्डा पडायचा, जणू आतून कुणी कातडी ओढतंय. ओठांचा रंग जांभळाच्या सालीसारखा व्हायला लागला.

"कितवा म्हयना म्हनायचा हा?" गोजाबाईनं विचारलं.

"सातवा की," केराबाईची आई म्हणाली. ती लेकीसाठी आठवडाभर येऊन राहिली होती.

"छ्या, आटवा. मेंढरं फिरून परत वाड्याला आली तवा पाळी चुकलीया तिची," गोजाबाई म्हणाली.

"मग लई वाईट. सातव्याचं जगतं, आटव्याचं जगत न्हाय."

दोघी हुज्जत घालत बसल्या. मायाक्का एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. मोठं पोर मरतं आणि लहान जगतं, हे कसलं गणित ते तिला कळेना. एवढ्यात केराबाईचं अंगावर जाणं थांबत नाही हे गोजाबाईच्या ध्यानात आलं आणि तिनं धुळाला हाक मारली, "गाडी बग रं कसलीबी! बाय पांडरी पडाय लागली."

कांद्याचा एक ट्रक सांगोल्याला निघाला होता. त्यातच घोंगड्यावर केराबाईला निजवली. पोराला मायाक्कानं कापसात आणि त्यावर लोकरीत गुंडाळून छातीशी धरलं. सांगोल्याच्या सरकारी दवाखान्यात केराबाईला लगोलग सलाईन लावलं. पोराच्या छातीला नळी लावून डॉक्टर म्हणाले, "बाईला आम्ही सांभाळतो. हे इथं नाही निभायचं. याला आत्ताच्या आत्ता सोलापूरला न्या. आमची जीप तिकडंच निघालीय."

धुळा मधोमध उभा राहिला. इकडं बायको, तिकडं पोर. "आक्का," तो म्हणाला, "तू जातीस?"

"व्हय," मायाक्का म्हणाली. जीप मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण सोलापूर कधी बघितलेलंसुद्धा नाही.

सोलापुरातल्या त्या मोठ्या दवाखान्यात पोर तिच्या हातातून कुणी घेतलं, कुठल्या दारातून नेलं, काही समजलं नाही. ती मागोमाग धावली तर दार बंद झालं. हातात नुसती लोकर उरली. बऱ्याच वेळानं एका सिस्टरनं तिला आत घेतलं, पायांतल्या चपला बाहेर काढायला लावल्या, हात साबणानं धुवून घेतले. पोर काचेच्या पेटीत होतं. पेटीत पिवळा दिवा, पोराच्या डोक्यावर आणखी एक पारदर्शक टोपलं, आणि त्यात शिरलेली रबरी नळी. नळीचं दुसरं टोक लोखंडी नळकांड्याला. मधे पाण्याची एक बाटली, तिच्यात बुडबुडे येत होते.

"काचंत का कोंडलंय?" तिनं विचारलं. "त्येला आदीच वारा पुरंना."

"तिथंच वारा आहे त्याला," सिस्टर म्हणाली आणि निघून गेली.

मुलांचे डॉक्टर बिराजदार आले. चष्मा कपाळावर सरकवलेला, बोलणं हळू. "कितवा महिना होता?" त्यांनी विचारलं.

आता काय सांगावं? सातवा म्हणावं तर जगेल, आठवा म्हणावं तर... "म्हाईत न्हाय," ती म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी पेटीच्या भोकातून हात घालून पोराचा पाय वर उचलला आणि तळव्याकडं निरखून बघितलं. मग कानाची पाळी दुमडून बघितली. मायाक्काला वाटलं, हा माणूस तळव्यावरचं नशीब वाचतोय.

"काय लिवलंय?" तिनं धीर करून विचारलं.

"अं? काही नाही लिहिलेलं. तळवा अजून गुळगुळीत आहे, रेषाच नाहीत. म्हणजे फार लवकर आलाय." मग तिच्या चेहऱ्याकडं बघून ते थांबले. "हे बघा, याची फुफ्फुसं अजून तयार झालेली नाहीत. श्वास सोडला की आतून चिकटून बसतात. परत उघडायला त्याला सगळं बळ लावावं लागतं. म्हणून कण्हतोय. पहिले दोनतीन दिवस हे वाढत जाईल. त्यातून तरला, तर मग उतरायला लागेल."

"म्हंजी बरं व्हनार?"

"म्हणजे आधी जास्त होणार."

तिला काही समजेना. औषध चालू आहे, तरी आधी जास्त होणार? मग औषध कशाचं? ती भिंतीला टेकून बसली आणि बाटलीतल्या बुडबुड्यांकडं बघत राहिली. तिच्या मनानं घेतलं, की हे बुडबुडे म्हणजेच पोराचे श्वास. ते येताहेत तोवर पोर आहे.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी येऊन नळकांड्याचा चाप फिरवला. बुडबुडे एकदम निम्मे झाले. मायाक्का किंचाळलीच. "काय केलासा! श्वास तोडला की त्येचा!"

डॉक्टर दचकून मागं वळले. तिथं ईरम्मा नावाची आया फरशी पुसत होती, अक्कलकोटकडची, कानडीत मराठी मिसळून बोलणारी. ती फडकं टाकून आली आणि तिनं मायाक्काचा दंड धरला. "यव्वा, अळबेड. रडू नगंस. पोराकडं बघ की, बाटलीकडं काय बघतीस?"

मायाक्कानं बघितलं. पोराची छाती हलत होती. खड्डा अजून पडत होता, पण कालच्यासारखा खोल नव्हता. कण्हणंही विरळ झालं होतं.

"हा वारा जास्त दिला तर पोराचे डोळे जाऊ शकतात," डॉक्टर म्हणाले. "म्हणून लागेल तेवढाच द्यायचा. आज त्याला कमी लागतोय. ही चांगली गोष्ट आहे."

चांगली गोष्ट. वारा कमी केला ही चांगली गोष्ट, आणि जो वारा जीव वाचवतो तोच आंधळं करतो. मायाक्कानं ईरम्माला हळूच विचारलं, "तुला कळलं का गं काय?" ईरम्मा म्हणाली, "मी हितं लई वरसं हाय. मलाबी सगळं न्हाय कळत. पोर गुलाबी दिसलं की चांगलं, निळं दिसलं की हाक मारायची. एवढंच मी धरलंय."

तेवढंच मायाक्कानंही धरलं.

आणखी एक घोळ पहिल्याच दिवसापासून चालू होता. सिस्टर तिला 'पेटीतल्याची आई' म्हणायच्या. "मी आत्या हाय," तिनं पहिल्या सिस्टरला सांगितलं. पाळी बदलली, दुसरी आली, तिनं हाक मारली, "अगं ए, पेटीतल्याची आई, दूध काढून दे की." मायाक्कानं तिलाही सांगितलं. पुढच्या पाळीला पुन्हा तेच. मग एक नवीन, तरणी सिस्टर रागावून म्हणाली, "लाजतेस काय? पहिलटकरणीला उशिराच येतं दूध. तुझंच पोर आहे ना?"

मायाक्कानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "व्हय."

ते बोलल्यावर तिचं तिलाच चमत्कारिक वाटलं. दुधाचा प्रश्न शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीनं सोडवला. शहराच्या पूर्वभागातल्या एका विणकराची सून होती ती. तेलुगूत काहीतरी पुटपुटली, हसली आणि वाटीत दूध काढून दिलं. ते दूध नाकातल्या बारीक नळीनं पोराच्या पोटात गेलं. मायाक्का बघत राहिली. केराच्या पोटचं पोर, या बाईचं दूध, नळकांड्यातला वारा आणि आई म्हणून हाक मला. ह्यात पोर नेमकं कुणाचं, हे तिला सांगता येईना.

कण्हणं थांबलं. डोक्यावरचं टोपलं निघालं. मायाक्काला वाटलं, सुटलो. आणि त्याच दुपारी, पोर शांत निजलेलं असताना, त्याची छाती हलायची थांबली. खोकला नाही, धडपड नाही. जणू चालता चालता कुणी वाटेत उभं राहावं. ओठ निळे झाले. ती "सिस्टर!" म्हणून ओरडली. सिस्टरनं धावत येऊन भोकातून हात घातला आणि पोराच्या तळव्यावर टिचकी मारली. पोर दचकलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा श्वास घ्यायला लागलं.

"पुन्यांदा कण्हनं लागलं का?" मायाक्कानं डॉक्टरांना विचारलं.

"नाही. फुफ्फुसं आता बरी आहेत. हे वेगळं आहे." डॉक्टर स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. "आईच्या पोटात श्वास घ्यायचं काम नसतं. हा लवकर बाहेर आला, त्यामुळं त्याच्या मेंदूला अजून ही सवय नाही. मधेच विसरतो. आठवण करून दिली की घेतो. महिनाभरात वाढला की आपोआप थांबेल. तोवर लक्ष ठेवायचं. आम्ही ठेवतोच, तुम्हीही ठेवा."

त्यांनी तिला दाखवलं. आधी पाठीवरून बोट फिरवायचं. त्यानं भागलं नाही तर तळव्यावर टिचकी. त्यानंही भागलं नाही तर ओरडायचं.

श्वास विसरतं? मायाक्का रात्रंदिवस त्या शब्दापाशी अडकून पडली. माणूस वाट विसरतो, नाव विसरतो. श्वास कसा विसरेल? आणि मग एका सकाळी, पोराच्या पाठीवरून बोट फिरवताना, तिला दुसरंच काही सुचलं आणि हात तिथंच थबकला. डॉक्टर फेरीला आले तसे ती उठून उभी राहिली.

"सायेब, माजी दोन झाली हुती. रडलीच न्हाईत. तीबी इसरली आसतील का?"

डॉक्टरांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. "तुमची? म्हणजे हे..."

"हे माज्या भावाचं. मी आत्या हाय. पयल्या दिसापासनं सांगतीया."

तरण्या सिस्टरनं जीभ चावली. डॉक्टर मग म्हणाले, "काही पोरं जन्मताना श्वास सुरू करायला चुकतात. काही पोटातच गेलेली असतात. तुमची कुठली होती, ते आता मला सांगता येणार नाही."

"कुनी टिचकी मारली आसती तर?"

"नाही सांगता येत, बाई. खोटं कशाला सांगू?"

ती खाली बसली. तिला रडू येईल असं ईरम्माला वाटलं, पण ते आलं नाही. इतकी वर्षं तिनं धरलं होतं की ती पोरं नशिबात नव्हती, आणि त्यात एक निवांतपणा होता. आता तोही कुणी काढून घेतला आणि हातात काहीच दिलं नाही. डॉक्टरांवर रागवावं की त्यांचे पाय धरावेत? तिनं दोन्ही केलं नाही. पोराची छाती बघत राहिली.

काही दिवसांनी धुळा केराबाईला घेऊन आला. केराबाई अजून पिवळी होती, भिंतीचा आधार घेत चालत होती. वॉर्डात दोन पेट्या होत्या. ती दोन्हींकडं बघत उभी राहिली आणि तिनं विचारलं, "वन्सं, ह्यातलं माजं कंचं?"

तो प्रश्न मायाक्काच्या काळजात आरपार गेला. तिनं बोट दाखवलं. केराबाई काचेला कपाळ लावून रडली. मग सिस्टरनं पोर बाहेर काढून तिच्या मांडीवर दिलं, तर ती अवघडून बसली, हात जड धोंड्यासारखे. "मला न्हाई जमायचं. मोडंल ते. वन्सं, तुमीच घ्या. ते तुमच्याच हाताचं झालंय आता."

मायाक्काला आनंद झाला आणि त्या आनंदाची तिला भीतीही वाटली. तिनं हात पुढं केले, पुन्हा मागं घेतले. "दोन घटका बस तशीच," ती म्हणाली. धुळा चहा आणायला बाहेर गेला. सिस्टर दुसऱ्या खाटेपाशी होती. उन्हाची तिरीप फरशीवर आली होती आणि केराबाई पोराच्या जावळावरून भीत भीत बोट फिरवत होती.

आणि पोर थांबलं.

मायाक्काला ते आधी कळलं, केराबाईला मागून. "वन्सं! ह्ये... ह्ये हालंना!"

मायाक्का उठली. एका पावलावर होतं पोर. आजवर कितीदा तिनं हे केलं होतं! पण तिचा हात पुढं झाला आणि हवेतच राहिला. आता मी केलं, तर ही पुन्हा ह्याला हात लावायची नाही. आणि नाही केलं, आणि तेवढ्यात काही झालं तर? हे दोन्ही विचार एकाच वेळी तिच्या डोक्यात आले आणि कुठला खरा, कुठला स्वार्थाचा, तिला काही उमगेना. तिनं खाटेची दांडी घट्ट धरली.

"केरा! पाय धर त्येचा. तळव्याला टिचकी मार."

"मी?"

"मार म्हंते न्हवं! जोरात!"

केराबाईनं टिचकी मारली. काही झालं नाही. मायाक्काचं पाऊल उचललं. केराबाईनं दात-ओठ खाऊन दुसरी मारली. पोरानं पाय आखडला, तोंड उघडलं, आणि मांजराच्या पिलासारखं रडायला लागलं. केराबाई त्याच्याहून मोठ्यानं रडत होती आणि रडता रडता ओरडत होती, "घेतला गं बाय, श्वास घेतला! मी मारली, मी!"

"व्हय," मायाक्का म्हणाली. ती तिथंच फरशीवर बसली. आपण बरोबर केलं की एका पोराचा जीव टांगणीला लावला, हे तिला कळलं नाही. पुढं कितीतरी वर्षं ती हे स्वतःला विचारत राहिली.

पोर वाढीला लागलं. थांबणं कमी होत होत बंद झालं. केराबाईचं आटलेलं दूध चोखून चोखून थोडं परत आलं, बाकी ईरम्मानं शिकवलं तसं वाटी-चमच्यानं पाजलं. वाडीवर परतल्यावर गोजाबाई म्हणाली, "बगा, मी म्हनलं हुतं न्हवं सातवा?" केराबाईच्या आईनं, सातवा तर आपण म्हणालो होतो, असं ठणकावून सांगितलं. बारशाला आत्या म्हणून मायाक्कानंच पाळण्यात वाकून पोराच्या कानात नाव सांगितलं. दृष्ट लागू नये म्हणून येडू. येडू पुढं खुटखुटीत झाला. डोळे शाबूत, आवाज असा की माळाच्या ह्या टोकाची हाक त्या टोकाला जावी. केराबाईला तो आई म्हणायचा आणि मायाक्काला आत्ती. दोघींतल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मायाक्काचं नाव मात्र उगीचच झालं. आजूबाजूच्या वाड्यांवरून बायका तान्ही पोरं घेऊन यायला लागल्या. कुणाचं पोर धापा टाकतंय, कुणाचं निळं पडतंय. "तुमच्या हाताला यश हाय," त्या म्हणायच्या आणि पोर तिच्या पुढ्यात ठेवायच्या. ती हबकून जायची. आपल्याला काय येतं? आपल्याला तर त्या वॉर्डात काय घडलं तेही नीट सांगता येत नाही. काचेनं वाचवलं की वाऱ्यानं, परक्या दुधानं की महिन्याच्या गणितानं? तिनं कुणाच्या पोरावरून कधी हात फिरवला नाही, अंगारा दिला नाही. ती फक्त लुगड्याचा पदर खोचायची, पोर लोकरीत गुंडाळायची आणि त्या बाईला घेऊन सांगोल्याच्या वाटेला लागायची. काही पोरं जगली, काही गेली. एक तर रस्त्यातच, तिच्या मांडीवर गेलं. त्यानंतर बरेच दिवस ती कळपामागं एकटीच हिंडत राहिली. वाडीतल्यांना वाटलं, आता ही पुन्हा कुणाबरोबर जाणार नाही.

मग एकदा मायाक्का मेंढरं वाड्यात घालत असताना वाडीतल्याच धोंडीरामाची सून धापा टाकत आली. पदराखाली कालच जन्मलेली पोरगी, आणि तिच्या नाकपुड्या फुलत होत्या.

"आत्ती, जगंल का वो ही?"

मायाक्कानं वाड्याच्या दाराचं झाप लोटलं आणि हातातली काठी भिंतीला टेकवली.

"मला म्हाईत न्हाय, बाई," ती म्हणाली. "चल, बिगीनं चल. यष्टी जाईल."